रेषा आधी हातात द्या

ए.टी.डी.ला, म्हणजे कलाशिक्षकाच्या पदविकेला, आपण स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र घोटून घेतो. पाच वर्षांची पोरं समोर बसली की त्यातलं फारसं काही कामाला येत नाही. मी ठाण्यात घोडबंदर रोडच्या बाजूला बालवर्गांना चित्रकला शिकवते. नव्याने लागणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं की रेषेचा पाठ फळ्यावर घेऊ नका. फळ्यावरची नागमोडी रेषा मुलं वहीत उतरवतात आणि पान उलटतात. कागदाची पट्टी हातात दिलीत तर तीच रेषा वाकते, ताठ होते, आडवी पडते.

अशा पट्ट्या वाकवून कार्डशीटवर उभ्या चिकटवायच्या. सामान थोडंच लागतं. खाली कार्डशीट, वर रंगीत कागदाच्या पट्ट्या, ग्लू स्टिक. ए-फोर कागद २१ सेंटिमीटर रुंद असतो. २ सेंटिमीटरच्या दहा पट्ट्या निघून चिंचोळी कड उरते. पट्ट्या घरूनच कापून न्या, कात्रीचा तास वेगळा ठेवा.

कापण्याआधी एक बघा. कापडासारखं कागदालाही उभं-आडवं असतं. वर्तमानपत्र उभं फाडलं तर बहुधा सरळ फाटतं, आडवं फाडलं की वेडंवाकडं जातं. हे मुलांकडूनच करून घ्या, वर्गात जाम दंगा होतो पण होऊ द्या. कागदाचे तंतू लांबीत धावत असतील तर पट्टी ताठ राहते, कमानीला चांगली. तंतू आडवे असतील तर पेन्सिलीभोवती गुंडाळताच छान वळते.

खरी गोम पट्टीच्या पायात आहे. दोन्ही टोकं नखभर दुमडायची, तिथेच गोंद लावायचा आणि दहा मोजेपर्यंत बोटाने दाबून धरायचं. मोजणं मोठ्याने. यात घाई झाली की कमान टुण्णकन उडते आणि रडारड सुरू. पावसाळ्यात पट्ट्या दमट होऊन लुळ्या पडतात, म्हणून जून ते सप्टेंबर जरा जाड कागद घ्या.

तयार नमुना मात्र दाखवू नका. दाखवलात की सगळ्यांच्या कार्डशीटवर तोच नमुना उगवतो. त्याऐवजी विचारा, ‘ही रेषा कुठून उठली, कुठे टेकली?’ माझ्या वर्गात एकीने लांब कमान चिकटवून सांगितलं, ‘हा माजिवड्याचा पूल.’ शेजारच्याने लगेच खालून झिगझॅग पट्टी सरकवली, म्हणे रिक्षा अशाच जातात!

‘चित्र कुठाय?’ असं पालक विचारतातच. त्यासाठी पुढच्या तासाला ही कामं खिडकीतल्या उन्हात पांढऱ्या कागदावर ठेवा आणि पडलेली सावली मुलांना खडूने गिरवू द्या. सकाळी नऊच्या सुमारास सावल्या लांब पडतात. ऊन सरकतं, तसं गिरवलेलं आणि सावली जुळेनाशी होते. मुलं तक्रार घेऊन येतील. त्यांना दुसऱ्या रंगाचा खडू द्या.