भाड्याच्या घराचं ॲग्रीमेंट स्वतः कसं लिहायचं

एजंट छापील ॲग्रीमेंट पुढे करतो आणि आपण न वाचता सह्या ठोकतो. मीपण तेच केलं होतं. घर सोडताना मालकांनी पेंटिंगचे म्हणून डिपॉझिटमधले १२ हजार कापले, तेव्हा कागद काढून बघितला तर त्यात पेंटिंगचा 'प' पण नव्हता, मग काय, ते त्यांचं म्हणणं ताणतायत, मी माझं. तेव्हापासून मसुदा मी स्वतःच लिहितो.

आधी नाव. महाराष्ट्रात घर भाड्याने देताना बहुतेक वेळा भाडेपट्टा नसतो, लिव्ह अँड लायसन्स असतं, म्हणजे जागा फक्त वापरायची परवानगी, हक्क मालकाकडेच. मालकाला ते जास्त सोयीचं.

मग दोघांची नावं, पत्ते, पॅन, आणि घराचा नीट पत्ता: फ्लॅट नंबर, विंग, मजला, पार्किंग मिळणार असेल तर तेही. कधीपासून कधीपर्यंत ते तारखांनी लिहा, नुसतं '११ महिने' नको. भाडं किती, कोणत्या तारखेपर्यंत, मेंटेनन्स भाड्यात धरलाय की वेगळा, लाईटबिल कोणाचं. हे पटापट होतं.

वेळ द्यायचा तो डिपॉझिटला. किती दिलं, कसं दिलं, चावी परत दिल्यावर किती दिवसांत परत मिळणार, आणि कशाकशाचे पैसे कापता येतील ते एकेक करून लिहा. पेंटिंग कोणाचं तेही इथेच. शेवटी सामानाची यादी जोडा, पण 'गिझर १' असं नाही, 'गिझर १, चालू, खालून गंज आलेला' असं. किचनच्या ओट्याला तडा असेल, बाथरूमचा नळ ठिबकत असेल, सगळं टाका. राहायला जायच्या दिवशीच मोबाईलवर व्हिडिओ काढून मालकाला व्हॉट्सॲप करून ठेवा. मालक म्हणतील कशाला एवढं, तरी करा.

लॉक-इन (म्हणजे ज्या काळात करार मध्येच मोडता येत नाही) किती महिने आणि नोटीस किती दिवसांची, हे दोघांनाही सारखंच ठेवा. काही मसुद्यांत मालक कधीही काढू शकतो आणि भाडेकरू मात्र अडकलेला, असलं दिसलं तर खोडायला लावा. मुदत संपूनही घर सोडलं नाही तर कायद्याने दुप्पट भाड्याने नुकसानभरपाई मागता येते, हे भाडेकरूंनीही लक्षात ठेवावं.

आता रजिस्ट्रेशन. ११ महिन्यांचं असलं तर नोटरी चालते हा आपल्याकडचा जुना गैरसमज. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणी केलेलाच हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर वाद झाल्यावर भाडेकरूचं म्हणणं आधी खरं धरलं जातं, मालकाला उलट सिद्ध करत बसावं लागतं. स्टॅम्प ड्युटी ०.२५ टक्के: समजा भाडं १५ हजार, ११ महिने, म्हणजे १,६५,०००, त्यात ५० हजार डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरून ११ महिन्यांचं व्याज मिळवा, ड्युटी येते सव्वाचारशेच्या आसपास. वर नोंदणी फी, शहरात १००० रुपये.

हे सगळं नोंदणी विभागाच्या साईटवर घरबसल्या होतं, फक्त वेबकॅमवर फोटो आणि मशीनवर अंगठा लागतो. आमच्या मालकीणबाईंचा अंगठा भांडी घासून घासून इतका गुळगुळीत झालेला की चारदा दाबूनही उठेना, शेवटी मधल्या बोटावर काम झालं.