स्वस्त बेस गिटार कार्यक्रमात टिकेल का? घेण्याआधी अशी तपासा

दुकानात खुर्चीवर बसून, छोट्या ॲम्पवर दोन मिनिटं वाजवली तर बहुतेक बेस गिटारी चांगल्याच वाटतात. तीच गिटार चौदा एप्रिलच्या रात्री गावच्या मंडपात उभ्यानं तीन तास वाजवायची असते. दिवसभर ऊन खाल्लेलं स्टेज, जनरेटरची लाइट, आणि ॲम्प नसल्यानं थेट साउंडवाल्याच्या मिक्सरमध्ये खुपसलेली वायर. तिथं टिकते ती कामाची. साधारण दहा ते पंचवीस हजारांतल्या गिटारीत अशी टिकणारी मिळते, पण एकाच मॉडेलच्या दोन नगांतही फरक असतो. म्हणून नाव पाहून न घेता हातातला नग तपासून घ्यायचा.

कार्यक्रमासाठी चार गोष्टी पुरेशा आहेत. सूर धरून ठेवणं, प्रत्येक स्वर सारखा वाजणं, मध्येच आवाज न जाणं आणि खांद्याला झेपणं. लाकूड कोणतं, रंग कोणता, हे नंतर.

तपासायला जाताना क्लिपवाला ट्यूनर, उठावाचे आकडे नसलेली चार जुनी एटीएम कार्डं, एक व्हिजिटिंग कार्ड, पंधरा सेंटिमीटरची स्टीलची पट्टी, स्वतःची खात्रीची वायर आणि पेचकस सोबत ठेवा. मोबाइलमधला ट्यूनर घरी चालतो. मंडपात ढोलकी चालू असताना तो माइकवर सगळंच ऐकतो आणि भलताच स्वर दाखवतो. क्लिपवाला लाकडाचं कंपन पकडतो, त्यामुळं त्याला गोंगाटाचं काही नसतं.

पायरी १ : नेक

नेक म्हणजे ज्यावर बोटांनी तारा दाबतो तो लांब दांडा. सगळ्यात जास्त वेळ इथं द्या, कारण गिटारीतलं जे दुरुस्त होत नाही ते बहुतेक नेकमध्येच असतं.

गिटार सुरात लावा, मगच पाहा. ढिल्या तारांवर नेकचा खरा आकार दिसत नाही. चारही तारांचा मिळून ताण साठ-सत्तर किलोच्या वर असतो आणि नेक त्या ताणाखालीच तपासायची असते. आता बॉडी छातीशी धरा आणि ब्रिजच्या (बॉडीवर तारा जिथं अडकवलेल्या असतात ती पट्टी) बाजूनं नेकच्या एका कडेवरून, सुतार फळीची धार पाहतो तसं, एक डोळा मिटून पाहा. मग दुसरी कड पाहा. दोन्ही कडा सारख्याच वाकलेल्या असाव्यात. एक कड सरळ आणि दुसरी वाकडी दिसली तर नेकला पीळ पडला आहे. ही गिटार परत ठेवा, दुकानदार कितीही कमी करत असला तरी.

नेकमध्ये थोडा बाक मात्र हवाच. सगळ्यात जाड तार पहिल्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे नेकवरची आडवी धातूची पट्टी, मोजायची डोक्याकडून) एका हातानं दाबा, त्याच वेळी नेक बॉडीला मिळते तिथल्या फ्रेटवर दुसऱ्या हातानं दाबा. तार आता ताणलेल्या दोऱ्यासारखी सरळ झाली. सातव्या-आठव्या फ्रेटजवळ तारेखाली व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी फट हवी, म्हणजे ०.३ मिलिमीटरच्या आसपास. फट अजिबात नसेल तर डोक्याकडच्या फ्रेटवर तार झणझणते. एटीएम कार्ड आरामात जात असेल तर बाक जास्त आहे आणि मधल्या फ्रेटवर बोटं दुखतात.

बाक कमी-जास्त असणं हा दोष नाही. तो काढता येतो का, हे महत्त्वाचं. नेकच्या आत ट्रस रॉड नावाची सळई असते. तिचा नट डोक्याकडे किंवा बॉडीकडच्या टोकाला दिसतो. दुकानदाराला तुमच्यासमोर तो योग्य मापाच्या ॲलन कीनं पाव फेरा फिरवायला सांगा. घट्ट केल्यावर बाक कमी होतो, ढिला केल्यावर वाढतो. नट फिरतच नसेल, आतले कोपरे झिजून की गरगरत असेल, किंवा पूर्ण आवळूनही बाक तसाच असेल तर ती गिटार घेऊ नका. विदर्भात हा नट वापरावाच लागतो. मेमधल्या पंचेचाळीस अंशांच्या कोरड्या हवेत आणि ऑगस्टच्या ओल्या हवेत एकच नेक सारखी राहत नाही, वर्षातून निदान दोनदा पाव फेरा द्यावा लागतो.

याच हवेचा आणखी एक परिणाम पाहून ठेवा. नेकच्या दोन्ही कडांवरून तळहात खालपासून वरपर्यंत फिरवा. लाकूड कोरडं पडलं की आकसतं, फ्रेटचं धातू आकसत नाही. मग फ्रेटची टोकं बाहेर येऊन हाताला करवतीसारखी लागतात. पावसाळ्यात गुळगुळीत वाटलेली नेक मेमध्ये बोट सोलू शकते. थोडं टोचत असेल तर कारागीर कानसीनं एका बैठकीत साफ करून देतो, त्यासाठी गिटार नाकारू नका.

शेवटी नेक आणि बॉडीच्या जोडाकडे पाहा. जाड तार नेकच्या एका कडेपासून जेवढी आत आहे साधारण तेवढीच बारीक तार दुसऱ्या कडेपासून हवी. एक तार कडेवरून घसरायला आलेली असेल तर जोड तिरका बसला आहे. चार स्क्रू ढिले करून तो सरळ होतो का ते दुकानातच करून पाहा. जोडात बोटाचं नख जाईल एवढी पोकळी असेल तर सोडून द्या.

पायरी २ : तारांची उंची आणि फ्रेट

बाराव्या फ्रेटवर एटीएम कार्डं एकावर एक ठेवून तारेखाली सरकवा. एक कार्ड ०.७६ मिलिमीटरचं असतं, तीन म्हणजे साधारण २.३. बारीक तारेखाली तीन कार्डं आणि जाड तारेखाली तीन ते चार, तार वर न उचलता गेली की उंची कामाची आहे. चौथ्यावरही मोकळी जागा उरत असेल तर ब्रिजवरचे सॅडल, म्हणजे तारा टेकतात ते छोटे तुकडे, खाली घ्यावे लागतील. सॅडल आधीच तळाला टेकलेले आणि तार तरी उंच, असं असेल तर घोळ नेकच्या कोनात आहे आणि ते काम खर्चाचं.

आता चारही तारांवर प्रत्येक फ्रेट एकेक करून वाजवा. कंटाळा करू नका, वीस फ्रेटची गिटार असली तर ऐंशी स्वर, दहा मिनिटांचं काम. आधी ॲम्पशिवाय ऐका, मग ॲम्पवर. नुसत्या हातात थोडी खरखर ऐकू येते आणि स्पीकरमधून येत नाही, ती सोडून द्या, मंडपात ती कुणालाच ऐकू जाणार नाही. स्पीकरमधून येणारी खरखर एकाच फ्रेटपाशी असेल तर त्याच्या पुढचा फ्रेट उंच आहे. स्टीलच्या पट्टीची कड तीन फ्रेटवर टेकवून हलवा. ती डुगडुगली तर मधला फ्रेट उंच. एखादा असेल तर ठोकून किंवा घासून बसतो. पाच-सात असतील तर सगळे फ्रेट समतल करण्याची मजुरी गिटारीच्या मानानं जास्त पडेल.

सगळ्यात बारीक तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटमध्ये थांबा. स्वर वाजवून धरून ठेवा आणि मनात आकडे मोजा. शेजारचे स्वर सहा-सात सेकंद टिकतात आणि एखादा दोन सेकंदांतच मावळतो, असं बऱ्याच बेसमध्ये आढळतं, महागड्यांतही. नेकच्या कंपनाशी जुळलेला स्वर नेक स्वतःच शोषून घेते. एखादा असा स्वर असला तर चालतं, तोच स्वर जाड तारेवर वर घेता येतो. तीन-चार असतील तर गायकाला आधार देताना अडचण होते.

पायरी ३ : सूर

बाराव्या फ्रेटवर तारेला नुसता स्पर्श करून हार्मोनिक (तार न दाबता निघणारा स्वर) वाजवा, ट्यूनर पाहा. मग तोच फ्रेट दाबून वाजवा. दोन्हींत पाच सेंटच्या आतला फरक चालतो (सेंट म्हणजे एका फ्रेटच्या अंतराचा शंभरावा भाग). दाबलेला स्वर चढा असेल तर सॅडल मागे घ्यायचा, उतरता असेल तर पुढे. सॅडलला मागे सरकायला जागा उरली आहे का, एवढं नक्की पाहा. तारा जुन्या, गंजक्या असतील तर ही चाचणी खोटी ठरते.

मग सूर लावून पंधरा मिनिटं जोरात वाजवा आणि पुन्हा ट्यूनर पाहा. चारही तारा थोड्याथोड्या उतरल्या असतील तर त्या नव्या आहेत, ताणून बसतील. एकच तार वारंवार उतरत असेल तर तिची खुंटी पाहा. खुंटी उलट फिरवताना आधी काहीच होत नाही आणि मग एकदम सूर पडतो, म्हणजे दाते सैल आहेत. म्हणून नेहमी खालून वर येत सूर लावायचा. तार डोक्याजवळच्या नटच्या (ट्रस रॉडचा नट नव्हे, तारांच्या खाचा असलेली पट्टी) खाचेत अडकत असेल तर सुरात आणताना टक् असा आवाज येतो. खाचेत शिसपेन्सिल घासली की बहुतेक वेळा ते थांबतं.

पाच तारांच्या स्वस्त बेसचा मोह पडतो. आपल्याकडे गायक काळी एक, काळी दोन असे स्वर सांगतात आणि वाटतं की खालची तार लागेलच. पण ते दोन्ही स्वर चार तारांवर दुसऱ्या जाड तारेच्या चौथ्या आणि सहाव्या फ्रेटवर मिळतात. ३४ इंची (नट ते ब्रिज तारेची लांबी) स्वस्त बेसवर पाचवी, ३१ हर्ट्झची तार बहुधा लुळी पडते आणि तिचा स्वर ओळखू येत नाही. पहिली गिटार चार तारांचीच घ्या, ४५ ते १०५ जाडीच्या (इंचाच्या हजाराव्या भागांत) तारांची.

पायरी ४ : पिकअप, जॅक आणि लाइट

वायर लावून जॅकपाशी, म्हणजे ती खोचतो त्या भोकापाशी, हलवा, वर-खाली, डावी-उजवी. कडकड आवाज आला किंवा आवाज गेला तर जॅक सैल आहे. जॅक स्वस्तात बदलतो, पण कार्यक्रमाआधी बदला, कारण मंडपात आवाज जातो तो बहुतेक इथूनच. सगळे नॉब पूर्ण फिरवा. खरखर असेल तर कॉन्टॅक्ट क्लिनरचा फवारा मारून वीस वेळा फिरवा. फिरवूनही मध्येच आवाज तुटत असेल तर नॉबखालचा पॉट बदलावा लागेल. पिकअपच्या (तारांखालचा, त्यांचं कंपन पकडणारा भाग) चुंबकांवर पेचकसाचं टोक हळूच टेकवा, प्रत्येक तारेखाली टक् असा सारखाच आवाज यायला हवा.

पिकअपचे दोन मुख्य प्रकार स्वस्त गिटारीत दिसतात. १९५१ साली बाजारात आलेल्या प्रिसिजन बेसवर पुढं जो दोन तुकड्यांचा पिकअप आला त्या पद्धतीचा, आणि १९६० च्या जॅझ बेसच्या पद्धतीचे दोन लांबट पिकअप. गावातल्या मंडपासाठी पहिला प्रकार जास्त सोयीचा. त्याचे दोन तुकडे एकमेकांची घरघर मारतात. जॅझ पद्धतीत एकच पिकअप उघडा ठेवला तर जनरेटर आणि रंगीत दिव्यांची घरघर सरळ मिक्सरमध्ये जाते. दोन्ही पूर्ण उघडे ठेवले की ती बहुतेक गिटारींत कमी होते. दुकानातच बाजूचा ट्यूबलाइट लावून ऐका.

तारेला हात लावल्यावर घरघर कमी होत असेल तर ब्रिजची अर्थिंग ठीक आहे. हात लावल्यावर वाढत असेल तर आतली अर्थची वायर सुटलेली किंवा उलटी जोडलेली आहे.

आत बॅटरीवाला प्रीॲम्प (आवाज वाढवणारं सर्किट) असेल तर ९ व्होल्टची बॅटरी लागते, आणि वायर खोचलेली असेपर्यंत ती खर्च होत राहते. तालुक्याच्या बाजारातून जादा बॅटरी आणून बॅगेत ठेवावी लागते, कारण रात्री अकराला गावात ती मिळत नाही. सुरुवातीला बॅटरीशिवायची गिटार बरी.

पायरी ५ : मोठ्या स्पीकरवर

सगळ्यात जाड तारेचा मूळ स्वर ४१ हर्ट्झचा. स्टँडवरचे बारा-पंधरा इंची स्पीकर तो जवळपास वाजवतच नाहीत. श्रोत्यांना ऐकू येतात ते त्याच्या वरचे ८२, १२३ हर्ट्झचे आणि त्याहून वरचे अंश. म्हणून दुकानात बेसचा नॉब वाढवून घुमणारा आवाज ऐकू नका. सगळे नॉब मध्यावर ठेवा आणि स्वर ओळखू येतोय का ते ऐका. ऑक्टोपॅड आणि कीबोर्डच्या गर्दीत तोच टिकतो.

बॅटरीशिवायची गिटार मिक्सरच्या साध्या लाइन इनपुटमध्ये लावली की आवाज दबका आणि बारीक येतो, आणि लोक गिटारीला नावं ठेवतात. दोष गिटारीचा नसतो. पिकअपला खूप मोठा रोध हवा असतो, साधारण दहा लाख ओहम, आणि लाइन इनपुटचा रोध बराच कमी असतो. कार्यक्रम घेतानाच विचारा, “भाऊ, डीआय बॉक्स आहे का?” गिटार आणि मिक्सरच्या मध्ये लावायचा हा डबा रोधाचा मेळ घालतो. नसेल तर स्वतःचा घ्या. गिटारीच्या बजेटचा निदान पाचवा भाग डीआय, तारा, पट्टा आणि वायरीसाठी बाजूला काढूनच दुकानात जा.

जनरेटरची अर्थिंग बऱ्याचदा नसते. माइकवर गाताना ओठाला झटका बसतो तो त्यामुळं. एक हात तारांवर असताना माइकला ओठ लावण्याआधी टेस्टर माइकच्या जाळीला लावून पाहा. दिवा लागला तर साउंडवाल्याला अर्थिंगची सळई ठोकायला सांगा, आणि तोपर्यंत वाजवू नका. प्लगची तिसरी पिन मोडून घरघर घालवण्याचा उपाय कुणी सुचवला तरी करू नका.

पायरी ६ : खांदा

पट्टा लावून उभे राहा आणि दोन्ही हात सोडा. डोक्याकडची बाजू खाली घसरत असेल तर रात्रभर डावा हात नेक सावरण्यात जाईल आणि मनगट दुखेल. तीन इंची, आतून खरबरीत पट्टा थोडं सावरतो. डोकं गुडघ्याकडेच जात असेल तर दुसरी गिटार पाहा. वजन साडेतीन ते साडेचार किलोच्या आसपास असतं. चार किलोच्या आत मिळाली तर उत्तम. पट्ट्याच्या खुंट्या ओढून पाहा. सैल असेल तर भोकात लाकडाची काडी आणि फेव्हिकॉल भरून स्क्रू पुन्हा बसवा.

बॅग जाड फोमची घ्या, मोटारसायकलवर पाठीला लावून खड्ड्यांतून न्यायची असते. उन्हात बंद जीपमध्ये ती ठेवू नका. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीकडे हिवाळ्याच्या रात्री उघड्या मंडपात दव पडतं. वाजवून झालं की तारा कोरड्या सुती कापडानं पुसून मगच बॅगेत घाला.

ऑनलाइन मागवली असेल तर खोका उघडतानाच व्हिडिओ काढा आणि पहिल्या दिवशी पायरी १ आणि ४ उरका, परतीची मुदत संपण्याआधी. उंची, सूर, जॅक, नॉब आणि फ्रेटची टोकं कारागिराकडे नीट होतात, त्यासाठी परत पाठवू नका. पीळ पडलेली नेक, अडकलेला रॉड किंवा डोक्याजवळ भेग दिसली तर त्याच दिवशी खोक्यात भरा.