ईमेल मार्केटिंग सुरू करताय? या चुका टाळा, नाहीतर मेल स्पॅममध्येच पडून राहील

हापूसचा सीझन जवळ आला की बरेच छोटे बागायतदार आणि विक्रेते ईमेलकडे वळतात, कारण व्हॉट्सअपवर सारखे मेसेज टाकले की लोक म्यूट करतात, इन्स्टाची पोस्ट किती जणांना दिसेल याचा भरवसा नाही, आणि गेल्या वर्षीच्या ऑर्डरच्या शीटमध्ये गिऱ्हाइकांचे ईमेल आयडी तर पडलेलेच असतात. विचार एकदम बरोबर आहे. पण मग होतं काय, की एका संध्याकाळी बसून सगळ्यांना एकदम मेल जातो, ऑर्डर दोनचार येतात किंवा येतच नाहीत, आणि "ईमेल आता वाचतं कोण" म्हणून विषय तिथेच संपतो. हे बघून खरंच वाईट वाटतं, कारण बहुतेक वेळा लोकांनी मेल वाचून सोडून दिलेला नसतो, तो त्यांच्या इनबॉक्समध्ये आलेलाच नसतो. म्हणून इथे डिझाइनबद्दल कमी आणि मेल पोचण्याबद्दल जास्त बोलूया. उदाहरण आंब्याचं घेतलंय, पण पैठणी, दिवाळीचा फराळ, होमस्टे, क्लास, कुठल्याही धंद्याला हेच लागू आहे.

रोजच्या जीमेलवरून सगळ्यांना मेल टाकणं

फुकटच्या जीमेल अकाउंटवरून दिवसाला साधारण ५०० जणांनाच मेल जातो. त्यावर गेलात की पाठवणं काही काळ, कधीकधी २४ तासांपर्यंत बंद होतं, आणि त्याच अकाउंटवर कुरिअरवाल्याशी आणि गिऱ्हाइकांशी बोलणं चालू असेल तर ऐन सीझनमध्ये तेही अडकतं. दुसरा धोका म्हणजे घाईत बीसीसीऐवजी सीसीमध्ये पत्ते पडतात आणि सगळ्यांना सगळ्यांचे आयडी दिसतात. एकदा असं झालं की माफीचा मेल पाठवूनही गेलेला विश्वास परत येत नाही. त्यापेक्षा ब्रेव्हो, मेलचिंप, झोहो कॅम्पेन्स असं एकगठ्ठा मेल पाठवायचं एखादं टूल घ्या, छोट्या लिस्टला यांचे सुरुवातीचे प्लॅन पुरतात.

टूल घेतलं, पण पाठवणाऱ्याचा पत्ता जीमेलचाच ठेवला

ही चूक सगळ्यात जास्त दिसते आणि सगळ्यात महाग पडते. मेल निघतो टूलच्या सर्व्हरवरून पण वर नाव लावलेलं असतं जीमेल डॉट कॉमचं, मग समोरचा सर्व्हर विचारतो की हा खरंच गुगलकडून आलाय का, उत्तर येतं नाही, आणि मेल सरळ स्पॅममध्ये जातो किंवा परत येतो. त्यामुळे स्वतःचं डोमेन, म्हणजे मेलच्या पत्त्यात @ नंतर येणारं तुमच्या धंद्याचं नाव, घ्याच. साध्या डोमेनचा वर्षाचा खर्च सीझनच्या सुरुवातीच्या एका पेटीपेक्षा कमी असतो, इथे काटकसर करू नका.

डोमेन घेतलं की एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क हे तीन रेकॉर्ड डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या सेटिंग्जच्या यादीत, टाकावे लागतात. नावं ऐकून घाबरायचं कारण नाही. एसपीएफ सांगतो की आमच्या नावाने मेल पाठवायची परवानगी कुठल्या सर्व्हरला आहे, डीकेआयएम म्हणजे प्रत्येक मेलवर बसणारी डिजिटल सही, आणि डीमार्क सांगतो की हे दोन्ही जुळले नाहीत तर त्या मेलचं काय करायचं. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहूने नियम कडक केलेत, जीमेलवर दिवसाला ५००० च्या वर मेल पाठवणाऱ्यांना तिन्ही सक्तीचे आहेत. तुम्ही ५००० च्या जवळपासही नसाल, तरी तिन्ही लावा, कारण नवीन डोमेनची ओळख पटवायला तुमच्याकडे दुसरं काहीच नसतं.

आता हे रेकॉर्ड टाकताना लोक कुठे अडकतात ते बघा. एका डोमेनला एसपीएफचा रेकॉर्ड एकच चालतो. आधी गुगल वर्कस्पेस किंवा झोहो मेलसाठी एक टाकलेला असतो, मग नवीन टूल सांगतं म्हणून दुसरा टाकला जातो, आणि दोन झाले की दोन्ही बाद. टूलचा इन्क्लूड, म्हणजे त्याच्या सर्व्हरचं नाव सांगणारा तुकडा, जुन्याच ओळीत जोडायचा असतो. डीकेआयएमच्या वेळी वेगळीच गंमत, बऱ्याच डोमेन कंपन्यांच्या पॅनेलमध्ये होस्टच्या रकान्यात पुढे डोमेनचं नाव आपोआप लागतं, तुम्ही टूलने दिलेलं पूर्ण नाव पेस्ट केलं की डोमेन दोनदा येतं आणि टूल दिवसभर "व्हेरिफाय झालं नाही" एवढंच दाखवत राहतं. असं दिसलं तर आधी हाच रकाना तपासा. डीमार्क मात्र सुरुवातीला "नन" (जुळलं नाही तरी काही करू नका) या पॉलिसीवर ठेवा, सगळं नीट जुळतंय हे काही आठवडे बघितल्यावर कडक करा, पहिल्याच दिवशी "रिजेक्ट" (मेल नाकारा) लावून स्वतःच्याच बिलांचे मेल अडवू नका.

झालं की नाही ते कळायला सोपी चाचणी आहे. टूलमधून स्वतःच्या जीमेलवर मेल पाठवा, कॉम्प्युटरवर तो उघडा, उजवीकडच्या तीन टिंबांतून "शो ओरिजिनल" निवडा. वरच तिन्ही नावं दिसतात, तिन्हीपुढे "पास" हवं. एकापुढेही "फेल" असेल तर कॅम्पेन थांबवा आणि आधी ते दुरुस्त करा.

लिस्ट कुठून आली?

"पुण्यातले ५० हजार ईमेल आयडी" अशी फाइल विकायला आली तर घेऊ नका. त्यात बंद पडलेले पत्ते असतात, स्पॅम पाठवणाऱ्यांना पकडायला मुद्दाम पेरलेले सापळ्याचे पत्ते असू शकतात, आणि उरलेल्यांना तुम्ही कोण हे माहीतच नसतं. सोसायटीच्या ग्रुपमधून उचललेले किंवा व्हिजिटिंग कार्डांवरून टाइप केलेले आयडी पण यातच आले, ओळखीचे असले म्हणून परवानगी मिळाली असं होत नाही.

याचं गणित समजून घ्या. स्पॅमची तक्रार ०.३ टक्क्यांपर्यंत जाऊ देऊ नका आणि शक्यतो ०.१ टक्क्याच्या खाली ठेवा असं गुगल सांगतं. म्हणजे हजार मेलमागे तीन तक्रारी झाल्या की धोक्याची रेषा गाठली. तुमची लिस्ट २०० जणांची असेल तर एकाच माणसाने बटण दाबलं तरी अर्धा टक्का होतो. म्हणून छोट्या धंद्याला लिस्ट मोठी असण्यापेक्षा ओळखीची असणं जास्त गरजेचं आहे, हे माझं अगदी ठाम मत आहे.

मग पत्ते गोळा कुठे करायचे? ऑर्डरच्या फॉर्मवर एक टिकमार्कचा चौकोन ठेवा, "आंबा उतरायला लागला की मला ईमेल करा", आणि तो आधीपासून टिक केलेला नको. डिसेंबरच्या भीमथडी जत्रेत किंवा एखाद्या आंबा महोत्सवात स्टॉल असेल तर वहीत पत्ते लिहून घेण्यापेक्षा क्यूआर कोड लावा, गर्दीत हाताने लिहिलेला आयडी घरी जाऊन वाचता येत नाही आणि एक अक्षर चुकलं तरी मेल बाउन्स होतो, म्हणजे परत येतो. फॉर्म भरल्यावर कन्फर्मेशनचा मेल जाऊ दे, त्यातली लिंक दाबली तरच नाव लिस्टमध्ये, याला डबल ऑप्ट-इन म्हणतात. चार नावं कमी मिळतील पण पत्ते खरे असतील.

जर्मनी, कॅनडा किंवा अमेरिकेतून पुण्या-मुंबईतल्या आईवडिलांसाठी पेटी बुक करणारी मंडळी तुमच्या लिस्टमध्ये असतील तर जास्तच जपून. युरोपात २०१८ पासून जीडीपीआर हा खासगी माहिती जपण्याचा कायदा आहे, कॅनडाचा कायदा परवानगीबाबत फार कडक आहे, अमेरिकेच्या कायद्यात मेलमध्ये तुमचा टपालाचा पत्ता आणि बाहेर पडायचा मार्ग असावाच लागतो. आपल्याकडेही डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झालाय. परवानगी कधी आणि कुठे घेतली याची नोंद शीटमध्ये एका रकान्यात ठेवलीत तर पुढची बरीच डोकेदुखी वाचते.

अनसबस्क्राइब लपवणं

राखाडी रंगात, बारीक अक्षरात, सगळ्यात खाली. असं केलं की माणूस शोधत बसत नाही, स्पॅमचं बटण दाबतो, आणि ते तुम्हाला कितीतरी जास्त महागात पडतं. जाणाऱ्याला जाऊ दे. टूलमध्ये एका क्लिकवर बाहेर पडायची सोय चालू ठेवा आणि ती माणसं पुन्हा हाताने लिस्टमध्ये घालू नका.

पहिल्याच दिवशी अख्ख्या लिस्टला मेल

नवीन डोमेनवरून अचानक दोन हजार मेल निघाले की समोरच्यांना संशय येणारच. गेल्या सीझनला ऑर्डर दिलेल्यांपासून सुरू करा, पहिल्यांदा ५०-१०० जण, मग दोनतीन दिवसांनी थोडे अजून. ही मंडळी मेल उघडतात, उत्तर देतात, त्यातूनच डोमेनची पत तयार होते. तीन-चार वर्षं जुने पत्ते शेवटी घ्या, किंवा त्यांना आधी एकच मेल पाठवून विचारा की यादीत राहायचंय का. पत्ताच अस्तित्वात नाही म्हणून परत आलेले आयडी लगेच काढून टाका.

मेलच्या आतल्या चुका

कॅनव्हामध्ये केलेलं एकच मोठं पोस्टर मेलमध्ये चिकटवणं सोडा. अनेकांकडे इमेज आपोआप दिसत नाहीत, मग त्यांना रिकामा चौकोन दिसतो. भाव, डिलिव्हरीची तारीख, ऑर्डरची लिंक हे अक्षरांतच लिहा. वर्डमधून कॉपी केलं की मागून ढीगभर कोड येतो आणि १०२ केबीच्या वर गेलेला मेल जीमेल मध्येच कापतं, नेमकी तळाची अनसबस्क्राइबची लिंक गायब होते. मराठी मजकूर युनिकोडमध्येच हवा, डीटीपीवाल्याकडून जुन्या फॉन्टमधला मजकूर तसाच आणलात तर समोर निरर्थक अक्षरं दिसतात. आणि "नो रिप्लाय" पत्ता तर अजिबात नको, गिऱ्हाईक "पाच डझनाची पेटी मिळेल का" असं उत्तर देतं तीच तर तुमची ऑर्डर.

लिहायचं काय, हा प्रश्न बऱ्याच जणांना पडतो, आणि मग फक्त एप्रिल-मेमध्ये "आजच बुक करा" एवढेच मेल जातात आणि बाकी वर्षभर शांतता. पुढच्या वर्षी लोक तुमचं नाव विसरलेले असतात. मोहोर कसा आलाय ते जानेवारीत लिहा, अवकाळी पावसाने किंवा तुडतुड्याने नुकसान झालं असेल तर तेही सांगा, पेटी घरी आल्यावर आंबा गवताच्या अढीत कसा पिकवायचा, फ्रिजमध्ये कधी ठेवायचा. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय, तुम्ही नोंदणी केलेली असेल तर ती कशी ओळखायची ते दाखवा, कारण दुसरीकडचा आंबा हापूस म्हणून विकला जातो आणि गिऱ्हाइकाला ते ओळखता येत नाही. अशा मेलला लोक उत्तरं देतात.

ओपन रेट बघून खूश होणं

ओपन रेट म्हणजे किती टक्के लोकांनी मेल उघडला तो आकडा. ॲपलने २०२१ मध्ये त्यांच्या मेल ॲपमध्ये प्रायव्हसीची सोय आणली, तेव्हापासून माणसाने मेल उघडला नाही तरी उघडल्यासारखा मोजला जाऊ शकतो. त्यापेक्षा क्लिक, उत्तरं आणि ऑर्डर मोजा.

सगळं करूनही मेल स्पॅममध्येच जात असेल तर

आधी बघा की तो खरंच स्पॅममध्ये आहे की जीमेलच्या प्रमोशन्स टॅबमध्ये (जाहिरातींच्या मेलचा वेगळा कप्पा), प्रमोशन्स म्हणजे स्पॅम नाही, त्यासाठी धडपडू नका. मग "शो ओरिजिनल" पुन्हा तपासा. मजकुरात शॉर्ट केलेल्या लिंक असतील तर काढून तुमच्याच साइटची लिंक द्या. गुगलचं पोस्टमास्टर टूल्स, म्हणजे तुमच्या मेलवरच्या स्पॅमच्या तक्रारींसारखे आकडे दाखवणारी सोय, जोडा, पण लिस्ट छोटी असेल तर तिथे आकडे दिसत नाहीत, त्याने गोंधळू नका. तरीही फरक पडला नाही तर लिस्ट छाटा, गेल्या सहा महिन्यांत ज्यांनी क्लिक केलं किंवा उत्तर दिलं त्यांनाच काही आठवडे पाठवा. आणि कंटाळून नवीन डोमेन घेऊ नका, तीच लिस्ट आणि तीच पद्धत असेल तर तेही महिन्याभरात याच जागी येतं.