कॉलेजचा इतिहास आणि नामवंत माजी विद्यार्थ्यांची यादी कशी तयार करावी: फर्ग्युसनच्या उदाहरणासह

शताब्दी जवळ आली, कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची टीम येणार असली किंवा स्मरणिका काढायचं ठरलं की प्रत्येक कॉलेजात एक समिती नेमली जाते. तिच्याकडून दोन गोष्टी हव्या असतात: कॉलेजचा इतिहास आणि 'आमचे नामवंत माजी विद्यार्थी'. वेळ कमी असतो, म्हणून मागच्या स्मरणिकेतला मजकूर उचलला जातो आणि त्यातल्या चुकाही पुढच्या पिढीला मिळतात. छोट्या कला महाविद्यालयालाही हे काम नीट करता येतं. त्यासाठी पैसा फार लागत नाही, क्रम मात्र पाळावा लागतो. इथे उदाहरण पुण्याच्या फर्ग्युसनचं घेतलं आहे, कारण या कामातल्या जवळजवळ सगळ्या अडचणी या एका कॉलेजच्या इतिहासात भेटतात.

आधी तारखा

पहिल्या दिवशी कोऱ्या कागदावर फक्त संस्था आणि त्यांची वर्षं लिहा. फर्ग्युसनच्या बाबतीत ती अशी: न्यू इंग्लिश स्कूल १८८०, डेक्कन एज्युकेशन सोसायटी १८८४, कॉलेज २ जानेवारी १८८५. शाळा, संस्था आणि कॉलेज या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि निम्म्या चुका त्यांची सरमिसळ झाल्यामुळे होतात. विष्णुशास्त्री चिपळूणकरांना फर्ग्युसनचे संस्थापक म्हटलेलं अनेकदा वाचायला मिळतं. ते शाळेचे संस्थापक. मार्च १८८२ मध्ये ते वारले, तेव्हा संस्थाही नव्हती आणि कॉलेजही नव्हतं. वर्षं शेजारी शेजारी लिहिली की अशी विधानं आपोआप गळतात.

जुनी मराठी कागदपत्रं शक वापरतात. इसवी सन काढायला चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखेला ७८ मिळवायचे, जानेवारीपासून फाल्गुनाच्या शेवटापर्यंत ७९. फर्ग्युसन सुरू झालं तेव्हा शके १८०६ चालू होतं. सवयीने ७८ मिळवले तर १८८४ येतं आणि कॉलेज एका वर्षाने म्हातारं होतं. जिथे महिना दिलेला नाही तिथे एकच इसवी सन लिहू नका, '१८८४-८५' असं लिहा.

विद्यापीठही तपासा. पुणे विद्यापीठ १९४९ चं. त्याआधीच्या फर्ग्युसनच्या पदव्या मुंबई विद्यापीठाच्या आहेत. 'अमुक यांनी १९२६ साली पुणे विद्यापीठातून पदवी घेतली' असं वाक्य मसुद्यात दिसलं तर ते वाक्य आणि ते ज्या लेखातून आलं तो लेख, दोन्ही संशयास्पद धरा. कॉलेजांची नावंही बदलतात. १९१६ सालचं न्यू पूना कॉलेज म्हणजे आजचं एस. पी. कॉलेज. हे माहीत नसेल तर जुन्या चरित्रातला विद्यार्थी भलत्याच संस्थेच्या खात्यावर जमा होतो.

फोटोंच्या ओळी लिहितानाही तारखा समोर ठेवा. सुरुवातीच्या काळात फर्ग्युसन शहरात, गद्रे वाड्यात भरत होतं. आजच्या इमारतीचा फोटो लावून खाली '१८८५' छापणं चूक आहे.

एक यादी नको, तीन हव्यात

संस्थापक व चालक, शिक्षक आणि विद्यार्थी अशा तीन स्वतंत्र याद्या करा. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, म्हणून जरा थांबून बघू.

फर्ग्युसन म्हटलं की टिळक, आगरकर, गोखले आणि धोंडो केशव कर्वे ही नावं पहिली येतात. यातला एकही फर्ग्युसनचा विद्यार्थी नाही. टिळक आणि आगरकर डेक्कन कॉलेजचे. गोखले १८८४ साली एल्फिन्स्टनमधून बी.ए. झाले, कर्वेही त्याच वर्षी एल्फिन्स्टनमधूनच. १८९० मध्ये टिळक संस्थेतून बाहेर पडले आणि पुढच्या वर्षी गणित शिकवायला कर्वे आले. हे सगळे आजीव सदस्य, म्हणजे लाइफ मेंबर होते. महिना ७५ रुपयांवर वीस वर्षं सेवा करण्याचं बंधन त्यांनी स्वतःहून घेतलं होतं. कॉलेजच्या इतिहासात त्यांना मोठी जागा द्या, माजी विद्यार्थ्यांच्या यादीत मात्र घालू नका. पाली भाषेचे प्राध्यापक धर्मानंद कोसंबी आणि गणिताचे दामोदर धर्मानंद कोसंबी या गोव्याच्या पितापुत्रांचंही तसंच. दोघांनी इथे शिकवलं, शिकले दुसरीकडे.

काही माणसं दोन याद्यांत येतात. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे फर्ग्युसनमध्ये शिकले, १८९९ मध्ये केंब्रिजला सीनियर रँग्लर, म्हणजे गणिताच्या परीक्षेत पहिले, झाले आणि १९०२ पासून फर्ग्युसनचे प्राचार्य. अशा नावापुढे दोन्ही नोंदी द्या, विद्यार्थी म्हणून कोणती वर्षं आणि पदावर कोणती.

प्राचार्यांचा क्रम तोंडी माहितीवर लावू नका. पहिले प्राचार्य आगरकर होते असा समज पक्का आहे. प्रत्यक्षात पहिले प्राचार्य संस्कृत-इंग्रजी कोशाचे कर्ते वामन शिवराम आपटे. १८९२ मध्ये ते वारल्यावर आगरकर आले आणि १८९५ च्या जूनमध्ये मृत्यू होईपर्यंत त्या पदावर होते. जेमतेम तीन वर्षं, पण नाव त्यांचंच लक्षात राहिलं.

रजिस्टर कसं वाचायचं

कार्यालयातून या गोष्टी मागा: जनरल रजिस्टर (प्रवेशाची मुख्य नोंदवही), टी.सी. बुकांच्या स्थळप्रती, परीक्षांच्या निकालवह्या, होस्टेलचं रजिस्टर, फीच्या वह्या, छापील वार्षिक अहवाल आणि कॉलेजचं नियतकालिक. एखादं वर्ष गहाळ असेल तर टी.सी.च्या स्थळप्रतींवरून बराचसा भाग पुन्हा उभा करता येतो. मुंबई विद्यापीठाच्या काळातल्या पदवीधरांसाठी विद्यापीठाची वार्षिक कॅलेंडरं, म्हणजे दरवर्षीची माहितीपुस्तकं, बघा. त्यांत पदवीधरांच्या याद्या वर्षवार छापल्या आहेत.

पानं मोबाइलने टिपली तरी चालतं, फक्त फ्लॅश बंद ठेवा आणि खिडकीचा तिरपा उजेड घ्या. बांधणी ताणून रजिस्टर सपाट करू नका, शिवण तुटते. हात धुऊन कोरडे करा. पेन लांब ठेवून फक्त पेन्सिल जवळ बाळगा. एकाने पान धरायचं आणि दुसऱ्याने टिपायचं. फाइलच्या नावात रजिस्टर क्रमांक, वर्ष आणि पान क्रमांक हवा, नाहीतर महिन्याभराने कुठलं पान कुठलं ते कुणालाच सांगता येत नाही. तीन प्रती ठेवा, त्यातली एक कॉलेजच्या आवाराबाहेर.

मग तक्ता करा. रकाने: रजिस्टरमधलं नाव जसंच्या तसं, आज प्रचलित असलेलं नाव, प्रवेशाची तारीख, कॉलेज सोडल्याची तारीख, परीक्षा व निकाल, पुराव्याचं पान. शेवटचा रकाना रिकामा असेल ते नाव छापायला जाणार नाही, हा नियम पहिल्याच बैठकीत ठरवून इतिवृत्तात लिहून घ्या. नंतर एखाद्या ज्येष्ठ सभासदाचा आग्रह आला की त्याचा आधार होतो.

'माजी विद्यार्थी' कोणाला म्हणायचं तेही तेव्हाच ठरवा. निदान एक टर्म भरलेली असावी, ही अट व्यवहार्य आहे. आचार्य कृपलानी मुंबईच्या विल्सन, कराचीच्या डी. जे. सिंध आणि मग फर्ग्युसन अशा तीन कॉलेजांत होते. तिघांनीही त्यांना आपलं म्हणायला हरकत नाही, पण नोंदीत तिन्ही नावं क्रमाने यायला हवीत.

नाव सापडत नाही तेव्हा

बहुतेक वेळा नाव रजिस्टरमध्ये असतं, आपण चुकीचं शोधत असतो. 'काका', 'आचार्य', 'महर्षी' ही नंतरची बिरुदं. काका कालेलकर शोधायचे तर दत्तात्रेय बाळकृष्ण, आचार्य अत्रे प्रल्हाद केशव, महर्षी शिंदे विठ्ठल रामजी, कृपलानी जीवतराम भगवानदास. इंग्रजी स्पेलिंगही ठरलेलं नसायचं. परांजपे, वैद्य, भागवत ही आडनावं तीन-चार तऱ्हांनी शोधा. संगणकावर शोधताना फर्ग्युसनमधला 'एस' एकदा आणि दोनदा, दोन्ही प्रकारे टाइप करा.

विद्यार्थिनी याच कारणाने याद्यांतून गळतात. इरावती कर्वे १९२६ मध्ये फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. झाल्या. त्यांचं माहेरचं आडनाव करमरकर. रजिस्टरमध्ये 'कर्वे' शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही, आणि वरवर बघणारा 'नोंद नाही' असं लिहून मोकळा होईल. प्रत्येक विद्यार्थिनीसाठी माहेर आणि सासर, दोन्ही नावांचे रकाने ठेवाच.

फक्त मराठी नावांवर नजर ठेवली तरी यादी तोकडी पडते. मुंबई इलाखा सिंधपासून धारवाडपर्यंत पसरलेला होता. कृपलानी सिंधी. द. रा. बेंद्रे धारवाडचे, कन्नडचे थोर कवी आणि पुढे ज्ञानपीठाचे मानकरी, तेही फर्ग्युसनचे पदवीधर. कालेलकर जन्माने सातारचे, पण लेखनाची कीर्ती गुजरातीत. तुमचं कॉलेज सोलापूर, बेळगाव किंवा नांदेडचं असेल तर कन्नड, तेलुगू, उर्दू जाणणारा एक माणूस समितीत घ्या.

नोंद लिहिताना

दर व्यक्तीला साठ-सत्तर शब्द पुरेत. कॉलेजातली वर्षं, विषय, परीक्षा, मग पुढचं काम. क्रम प्रवेशाच्या वर्षानुसार लावा. प्रसिद्धीनुसार लावला की मानापमान सुरू होतात.

अडचणीचे प्रसंग वगळू नका, पण नेमके लिहा. सावरकर १९०२ मध्ये फर्ग्युसनला आले. ऑक्टोबर १९०५ मध्ये विदेशी कपड्यांची होळी झाल्यावर त्यांना दहा रुपये दंड झाला आणि वसतिगृहातून काढण्यात आलं. 'कॉलेजमधून काढलं' हे सर्रास लिहिलं जातं, ते चूक आहे; ते तिथूनच बी.ए. झाले. तेव्हा प्राचार्य परांजपे होते, म्हणजे कारवाई करणारे आणि ज्यांच्यावर झाली ते, दोघेही तुमच्या यादीतले. दोघांच्या नोंदीत हा प्रसंग एकाच शब्दांत आला पाहिजे.

जुन्या रजिस्टरमध्ये जात, पालकाचा व्यवसाय, घरचा पत्ता असे रकाने असतात. ते संशोधनासाठी जपून ठेवा, पण पानाचा फोटो स्मरणिकेत छापताना झाका. हयात व्यक्तींना त्यांची नोंद पाठवून लेखी होकार घ्या आणि उत्तरासाठी निदान तीन आठवडे द्या.

शेवटचं प्रूफ दोघांनी वाचावं. एकाने तक्त्यातले आकडे मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने छापील मजकुरावर बोट ठेवायचं. युनिकोडमधून छपाईच्या जुन्या फॉण्टमध्ये मजकूर बदलताना जोडाक्षरं आणि रफार तुटतात. 'कर्वे', 'फर्ग्युसन', 'प्राचार्य' हे शब्द प्रत्येक पानावर वेगळे तपासा. तक्ता आणि फोटोंची एक प्रत ग्रंथपालांकडे नोंद करून ठेवा, आणि छापून झाल्यावर कळलेल्या दुरुस्त्या त्याच तक्त्यात तारखेसह लिहीत जा.