ओपन सोर्स प्रकल्पाची नवी आवृत्ती कशी काढावी आणि कशी जाहीर करावी

ओपन सोर्स सॉफ्टवेअर वापरणारे बहुतेक लोक त्याचा कोड कधी उघडून बघत नाहीत. नवी आवृत्ती आली की त्यांना तीन गोष्टी कळायला हव्या असतात: अपडेट करायचं का, केलं तर आपलं काही मोडेल का, आणि मोडलंच तर मागे कसं जायचं. खालच्या सगळ्या पायऱ्या या तीन प्रश्नांची उत्तरं तयार ठेवण्यासाठी आहेत.

उदाहरणासाठी ‘जमाखर्च’ नावाची एक काल्पनिक पायथन लायब्ररी धरू. ती हिशेबाच्या नोंदी सीएसव्ही फाइलमध्ये काढून देते. सध्याची आवृत्ती २.३.१ आहे आणि मेंटेनर (प्रकल्प सांभाळणारे) दोघे आहेत, तेही नोकरी सांभाळून.

१. आधी आकडा ठरवा

सिमँटिक व्हर्जनिंगचा नियम साधा आहे. आकड्याचे तीन भाग असतात. वापरणाऱ्याचा चालू कोड मोडेल असा बदल केला तर पहिला आकडा वाढतो, जुनं शाबूत ठेवून नवी सोय दिली तर दुसरा, आणि नुसती दुरुस्ती केली तर तिसरा. पहिला आकडा शून्य असेपर्यंत काहीही बदलू शकतं, असं गृहीत असतं. पण शेकडो लोक रोजच्या कामात वापरत असलेला प्रकल्प वर्षानुवर्षं शून्यावर ठेवणं बरं नाही. त्यांना कसलाच भरवसा मिळत नाही.

खरी अडचण येते ती मोडतोड करणाऱ्या दुरुस्तीत. ‘जमाखर्च’ची सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये थेट उघडली की मराठी मजकुराची अगम्य चिन्हं दिसतात, अशी तक्रार आली. कारण ठाऊक आहे: फाइल यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये (अक्षरं बाइटमध्ये साठवण्याच्या पद्धतीत) आहे, पण सुरुवातीला बीओएम ही तीन बाइटची खूण नाही, म्हणून एक्सेल ती जुन्या एन्कोडिंगमध्ये वाचतं. खूण घालणं एका ओळीचं काम. पण ती घातली की हीच फाइल साध्या यूटीएफ-८ म्हणून वाचणाऱ्या स्क्रिप्टना पहिल्या रकान्याचं नाव ‘तारीख’ न दिसता अदृश्य अक्षर चिकटलेलं ‘तारीख’ दिसतं, आणि रकाना सापडत नाही म्हणून त्या बंद पडतात. म्हणजे एकाची दुरुस्ती दुसऱ्याची मोडतोड. अशा वेळी २.४.० मध्ये खूण घालण्याचा पर्याय द्यावा, मूळ वागणूक तशीच ठेवावी, आणि ती बदलायचीच असेल तर ३.०.० पर्यंत थांबावं. मधल्या काळात कोड चालवताना इशारा दिसला पाहिजे. तो किमान एक दुय्यम (दुसरा आकडा वाढवणाऱ्या) आवृत्तीभर दिसावा. जँगो हा पायथनचा वेब फ्रेमवर्क प्रकल्प तर जुनी सोय काढण्याआधी दोन फीचर रिलीजपर्यंत इशारा देतो.

आणखी एक बारीक गोष्ट: १.९ नंतर १.१० येतं. हा दशांश अपूर्णांक नाही. यामल या सेटिंग लिहिण्याच्या स्वरूपातल्या फाइलमध्ये अवतरणचिन्हांशिवाय ३.१० लिहिलं की ते ३.१ असं वाचलं जातं. २०२१ मध्ये पायथन ३.१० आलं तेव्हा अनेकांच्या स्वयंचलित चाचण्या यानेच अडखळल्या. आकडा नेहमी अवतरणात लिहा.

२. चेंजलॉग रोजच्या रोज लिहा

रिलीजच्या आदल्या रात्री तीन महिन्यांचे कमिट (कोडमधल्या बदलांच्या नोंदी) चाळून लिहिलेला चेंजलॉग, म्हणजे आवृत्तीगणिक बदलांची यादी, कधीच नीट होत नाही. बदल मेन ब्रँचमध्ये (मुख्य कोडमध्ये) घेताना त्याच पुल रिक्वेस्टमध्ये (बदल सामील करण्याच्या विनंतीत) त्याची नोंद आली पाहिजे. नोंद नसेल तर मर्ज नाही, असा नियमच करा. फाइलच्या वरच्या टोकाला ‘अप्रकाशित’ असा भाग कायम ठेवा आणि त्याखाली सहा गट: नवं, बदललं, लवकरच जाणार, काढून टाकलं, दुरुस्त केलं, सुरक्षा. रिकामा गट छापू नका.

नोंद वापरणाऱ्याच्या बाजूने लिहायची. कमिटमध्ये ‘एन्कोडिंगचा प्रॉब्लेम फिक्स’ असेल, पण चेंजलॉगमध्ये असं हवं: ‘सीएसव्ही निर्यातीला बीओएमचा पर्याय दिला. तो चालू केल्यास एक्सेलमध्ये देवनागरी मजकूर नीट दिसतो. मूळ वागणूक बदललेली नाही.’ शेवटी इश्यूचा, म्हणजे नोंदवलेल्या तक्रारीचा, क्रमांक. तारीख वर्ष-महिना-दिवस याच क्रमाने लिहा. ०४/०५ म्हणजे आपल्याकडे ४ मे, अमेरिकेत ५ एप्रिल.

चार-पाच जण एकाच वेळी काम करू लागले की सगळे याच फाइलच्या त्याच ओळीवर लिहितात आणि मर्ज कॉन्फ्लिक्ट होतो, म्हणजे बदल आपोआप एकत्र होत नाहीत. त्यावर उपाय म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद वेगळ्या छोट्या फाइलमध्ये ठेवायची आणि रिलीजच्या वेळी सगळ्या एकत्र गुंफायच्या. टाउनक्रायर हे अवजार हेच काम करतं. पिप (पायथन पॅकेज बसवणारं अवजार) आणि पायटेस्ट (चाचण्या चालवणारं) ते वापरतात.

३. दार बंद करा आणि आरसी काढा

रिलीजच्या किमान एक आठवडा आधी नवी सोय घेणं थांबवा. मोठ्या आवृत्तीसाठी दोन आठवडे. त्याच दिवशी २.४.० ची पहिली आरसी, म्हणजे रिलीज कँडिडेट काढा. पिप नेहमीच्या अपडेटमध्ये आरसी उचलत नाही, त्यामुळे ती मुद्दाम मागणाऱ्यांनाच मिळते.

प्रकल्पाचा इंटरफेस अनेक भाषांत असेल तर पडद्यावर दिसणारी वाक्यंही याच वेळी गोठवा. मराठीसारख्या भाषेचं भाषांतर अनेकदा दोन-तीन स्वयंसेवकांच्या खांद्यावर असतं. शेवटच्या दिवशी बटणावरचा एक शब्द बदलला, तरी नोंद जुळत नाही म्हणून त्यांचं भाषांतर गळतं आणि नव्या आवृत्तीत तिथे इंग्रजी उमटतं. जीनोम या लिनक्सच्या डेस्कटॉप प्रकल्पात म्हणूनच ठरलेल्या तारखेनंतर वाक्य बदलायला वेगळी परवानगी लागते. लहान प्रकल्पांनीही हे पाळावं. फुकट काम करणाऱ्या माणसाचा वेळ वाया घालवण्यासारखं दुसरं वाईट काही नाही.

आरसीवर दोन चाचण्या हमखास करा. पहिली: तयार झालेलं पॅकेज कोऱ्या एन्व्हायर्नमेंटमध्ये, रेपोच्या (कोडच्या साठ्याच्या) फोल्डरबाहेर बसवून चालवा. टेम्प्लेट किंवा भाषांतराची फाइल पॅकेजमध्ये यायचीच राहिली, ही नेहमीची चूक आहे. रेपोत काम करताना ती फाइल शेजारीच असते म्हणून कळत नाही. दुसरी: २.३.१ वर तयार केलेला खरा डेटा घेऊन त्यावर २.४.० चढवा. कोरं इन्स्टॉलेशन चालतं आणि अपग्रेड पडतं, असं फार वेळा होतं.

४. टॅग लावा, पॅकेज बांधा

कोडमधला आकडा, चेंजलॉगमधला आकडा आणि टॅग (कोडचा इतिहास ठेवणाऱ्या गिटमध्ये त्या कमिटला दिलेलं आवृत्तीचं नाव) हे तिन्ही जुळतात ना, ते बघा. मग अ‍ॅनोटेटेड टॅग लावा. त्यात लावणाऱ्याचं नाव, तारीख आणि संदेश राहतो. साधा टॅग म्हणजे कमिटकडे दाखवणारी नुसती खूण, आणि गिटची ‘डिस्क्राइब’ आज्ञा मुळात अ‍ॅनोटेटेड टॅगच धरते. शक्य असेल तर टॅगवर सही करा. गिट २.३४ पासून एसएसएच किल्लीनेही सही करता येते, त्यामुळे जीपीजी हे सहीचं वेगळं अवजार हाताळायची गरज उरलेली नाही. लक्षात ठेवा, नेहमीच्या पुशबरोबर टॅग जात नाही. तो वेगळा पुश करावा लागतो.

पॅकेज स्वतःच्या लॅपटॉपवर बांधू नका. सीआयने (आपोआप बांधणी आणि चाचणी करणाऱ्या यंत्रणेने) टॅगवरून बांधावं, म्हणजे कोडमध्ये नसलेलं काही आत शिरत नाही. २०२४ मधलं एक्सझेड या फाइल संकुचित करणाऱ्या अवजाराचं प्रकरण इथे आठवावं: ५.६.० आणि ५.६.१ च्या टारबॉलमध्ये (वाटपासाठी बांधलेल्या कोडच्या गठ्ठ्यात) बॅकडोअर (चोरवाट) चालू करणारी बिल्ड स्क्रिप्ट होती, आणि ती गिट रेपोत नव्हती. रेपो वाचणाऱ्याला ती दिसणं शक्यच नव्हतं.

टारबॉल आणि त्याचं एसएचए-२५६ चेकसम (फाइल तीच आहे ना ते पडताळायचा आकडा) स्वतः अपलोड करा. गिटहब टॅगवरून आपोआप जी संकुचित फाइल देतं, तिच्या चेकसमवर विसंबू नका. जानेवारी २०२३ मध्ये तिथे गिटची नवी आवृत्ती आली, संकुचित करण्याची पद्धत बदलली, आतला कोड तोच असूनही चेकसम बदलले आणि कित्येकांचे बिल्ड पडले. गिटहबला तो बदल मागे घ्यावा लागला.

५. रजिस्ट्रीवर चढवा

पायपीआय या पायथनच्या रजिस्ट्रीवर (पॅकेजच्या सार्वजनिक साठ्यावर) एकदा चढवलेल्या फाइलचं नाव पुन्हा वापरता येत नाही, ती काढून टाकली तरीही. म्हणून आधी टेस्टपायपीआयवर रंगीत तालीम घ्या. पासवर्ड किंवा कायमचा टोकन (पासवर्डऐवजी चालणारी किल्ली) सीआयमध्ये ठेवण्याऐवजी ट्रस्टेड पब्लिशिंग वापरा. त्यात दर वेळी थोडा वेळ चालणारा टोकन मिळतो.

एनपीएम या जावास्क्रिप्टच्या रजिस्ट्रीवर (अवजाराचं नावही तेच) वेगळाच सापळा आहे. तुमची ३.१.० बाहेर आहे आणि जुन्यांसाठी २.४.१ काढलीत; वेगळा डिस्ट-टॅग (‘लेटेस्ट’सारखी रजिस्ट्रीवरची खूण) दिला नाहीत तर एनपीएमच्या ११ च्या आधीच्या आवृत्त्या ‘लेटेस्ट’ ही खूण २.४.१ वर नेतात. मग नव्याने बसवणाऱ्या प्रत्येकाला जुनी शाखा मिळते.

६. घोषणा लिहा

फाइल रजिस्ट्रीवर दिसू लागली, तुम्ही स्वतः तिथून बसवून बघितली, दस्तऐवज अद्ययावत झाले, की मगच घोषणा. दुवा दाबल्यावर पान सापडत नाही असं एकदा झालं की लोक पुढची घोषणा उघडत नाहीत.

चेंजलॉग चिकटवला म्हणजे घोषणा झाली असं होत नाही. चेंजलॉगमध्ये सगळं असतं. घोषणेत निवड असते. पहिल्या दोन वाक्यांत निर्णय देऊन टाका. नमुना असा:

‘जमाखर्च २.४.० आली आहे. सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये उघडणाऱ्या सगळ्यांनी अपडेट करावं. इतरांना घाई नाही. २.३ वरून येताना कोडमध्ये काहीही बदलावं लागत नाही. पायथन ३.९ चा आधार या आवृत्तीत शेवटचा आहे. बीओएमचा पर्याय ३.० मध्ये आपोआप चालू असेल. तुमची स्क्रिप्ट ही फाइल वाचत असेल तर आताच तो स्पष्टपणे बंद ठेवा. अडचण आल्यास २.३.१ पुन्हा बसवता येईल, डेटाची मांडणी बदललेली नाही.’

त्याखाली बसवायची आज्ञा, पूर्ण चेंजलॉगचा दुवा, अडचण कुठे कळवायची ते, आणि शेवटी हातभार लावणाऱ्यांची नावं. नावं वगळू नका. पहिल्यांदाच एक ओळ दुरुस्त करणारा विद्यार्थी आपलं नाव बघून दुसऱ्यांदा येतो, आणि उद्याचा मेंटेनर त्यांच्यातूनच मिळतो. कर्ल या यूआरएलवरून डेटा आणणाऱ्या अवजाराच्या प्रत्येक रिलीजच्या टिपणात योगदान देणाऱ्यांची यादी असते, बग कळवणाऱ्यांसकट.

‘अनेक सुधारणा आणि बग दुरुस्त्या’ हे वाक्य लिहू नका. त्यातून काहीच कळत नाही.

वेळ निवडताना पुढचे २४ तास कोणीतरी एक मेंटेनर हाताशी असेल असा दिवस घ्या. शुक्रवार संध्याकाळ नको. भारतातून मंगळवार-बुधवारी संध्याकाळी साडेसहाला जाहीर केलं तर यूटीसीनुसार (जागतिक प्रमाण वेळेनुसार) दुपारचा एक वाजलेला असतो: युरोप कामावर आहे, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सकाळ आहे, तक्रारी लगेच येतात.

७. चुकलं तर

सोडलेली आवृत्ती बदलायची नाही, पुढची काढायची. टॅग हलवून त्याच आकड्याखाली दुरुस्त कोड ठेवण्याचा मोह होतो, पण तोपर्यंत कोणाकडे तरी जुना गेलेला असतो. मग दोन जणांकडे २.४.० असते आणि आतला कोड वेगळा. गो भाषेत तर सार्वजनिक चेकसम डेटाबेसमुळे अशी बदललेली आवृत्ती सरळ नाकारली जाते. कर्लने २० मार्च २०२३ रोजी ८.०.० काढली, तिच्यात क्रॅश सापडला, आणि त्याच दिवशी ८.०.१ आली. हाच योग्य मार्ग.

सदोष आवृत्ती पायपीआयवर ‘यँक’ करा. मग पिप ती आपणहून निवडत नाही, पण ज्यांनी नेमका तोच आकडा पक्का केला आहे त्यांचे बिल्ड चालू राहतात. यँक करताना कारणाचा रकाना भरा. थेट डिलीट केलं तर अशा लोकांचं काम थांबतं.

सुरक्षेच्या दुरुस्तीचा क्रम वेगळा. त्रुटी खासगीत कळवण्याची वाट रेपोतल्या सुरक्षा धोरणाच्या फाइलमध्ये आधीच दिलेली असावी. दुरुस्ती खासगी फोर्कमध्ये (रेपोच्या वेगळ्या प्रतीत) करा. सार्वजनिक कमिटमधून हल्लेखोराला त्रुटी वाचता येते. सीव्हीई क्रमांक (सुरक्षा त्रुटीचा जाहीर नोंद क्रमांक) घ्या, दुरुस्ती आणि घोषणा एकत्र सोडा, आणि कोणत्या आकड्यापासून कोणत्या आकड्यापर्यंत धोका आहे ते नेमकं लिहा. त्या रिलीजमध्ये नव्या सोयी मिसळू नका, नाहीतर लोक चाचणीसाठी थांबतात आणि तेवढे दिवस उघडे राहतात. गंभीर त्रुटी असेल तर तपशील न देता तारीख आधी सांगता येते. ऑक्टोबर २०२३ मध्ये कर्लने ८.४.० बद्दल सुमारे आठवडाभर आधी कळवलं होतं, म्हणून ११ तारखेला लोक तयार होते. पहिली दुरुस्ती अपुरी पडू शकते, हेही धरून चला. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावा लायब्ररीच्या २.१५.० नंतर त्याच महिन्यात २.१६.०, २.१७.० आणि २.१७.१ काढाव्या लागल्या.

८. दुसऱ्या दिवशी

‘अप्रकाशित’ भाग पुन्हा उघडा, कोडमधला आकडा पुढच्या विकास आवृत्तीवर न्या, रीडमीमध्ये कोणत्या शाखांना कधीपर्यंत दुरुस्ती मिळणार त्याचा तक्ता सुधारा. दोन मेंटेनरच्या प्रकल्पाने चालू शाखा आणि आधीची एक, एवढंच कबूल करावं. पायपीआय, डोमेन आणि सीआय यांचे अधिकार दोघांकडेही आहेत ना, ते याच दिवशी तपासा, आणि पुढची आवृत्ती दुसऱ्याने काढायची असं ठरवा. रिलीज कशी काढायची त्या टिपणात लिहायच्या राहिलेल्या पायऱ्या तेव्हाच सापडतात.