ठासणीच्या रायफलीत सॅबो वापरायला शिकताना

सॅबो म्हणजे गोळीभोवती बसणारा प्लॅस्टिकचा पेला. नळी मोठी, गोळी लहान. मधली जागा तो भरतो, नळीतल्या आट्यांत, म्हणजे पिळदार खाचांत, रुततो आणि आपल्याबरोबर गोळीलाही फिरवतो. नळीबाहेर येताच हवेच्या माऱ्याने त्याच्या पाकळ्या उघडतात आणि तो मागे पडतो. ठासणीची रायफल म्हणजे तोंडाकडून बंदुकीची दारू आणि गोळी गजाने ठासून भरायची रायफल. अमेरिकेत तिने हरणाची शिकार शिकणाऱ्याच्या हाती आज बहुधा 50 कॅलिबरची, म्हणजे अर्धा इंच व्यासाच्या नळीची, रायफल येते, आणि तिच्यात जाते 0.451 किंवा 0.452 इंच व्यासाची, पिस्तुलासाठी घडवलेली गोळी. टोनी नाइट यांची एमके-85 रायफल 1985 साली आली, डेल रॅम्सी यांचे प्लॅस्टिकचे सॅबो त्याच दशकातले. ही जोडी तेव्हापासून जमली.

नवखा माणूस आधी वेग विचारतो. वेग मिळतो हे खरं. दारूच्या वायूचा दाब तेवढाच, पण तो गोळीच्या तळाऐवजी पेल्याच्या मोठ्या तळावर पडतो. वर सांगितलेल्या जोडीत हे क्षेत्रफळ सुमारे 22 टक्के जास्त भरतं. रेमिंग्टनने 1977 मध्ये काढलेल्या ॲक्सेलरेटर काडतुसात तर .30-06 च्या 0.308 इंची नळीतून 0.224 इंची, 55 ग्रेनची (सुमारे साडेतीन ग्रॅमची) गोळी जायची. क्षेत्रफळ जवळजवळ 1.9 पट, जाहीर केलेला वेग सेकंदाला 4,080 फूट. तरीही अचूकतेच्या तक्रारी राहिल्या आणि आज ते काडतूस बनत नाही. त्याचं कारण नीट समजून घ्या, पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

पेल्याची एक भिंत किंचित जाड असली की गोळीचा गुरुत्वमध्य नळीच्या अक्षापासून सरकतो. नळीत तो अक्षाभोवती गिरक्या घेतो आणि बाहेर पडताना कडेला फेकला जातो. सरकण केवळ 0.001 इंच धरा. दर 10 इंचांत एक फेरा असा पीळ असेल, तर 100 यार्डांवर गोळी सुमारे सव्वादोन इंच बाजूला जाते. पीळ 28 इंचांत एक असेल तर तीच चूक 0.8 इंचांवर येते. ठासणीच्या आधुनिक रायफलींना सहसा 28 इंची पीळ असतो, म्हणून तिथे सॅबो चांगला चालतो. गोल शिशाच्या गोळीसाठी केलेल्या 66 इंची पिळाच्या जुन्या घडणीच्या नळीत मात्र लांब गोळी स्थिरच होत नाही. रायफल घेताना हा आकडा आधी विचारा.

दुसरी गोष्ट बसणीची. 50 कॅलिबर लिहिलेल्या सगळ्या नळ्या आतून सारख्या नसतात. काही हजारांश इंचांचा फरक पडतो. त्यामुळे मित्राच्या रायफलीत उत्तम चालणारा सॅबो तुमच्यात अडेल किंवा घसरेल. गज दाबताना सॅबो सलग, ठाम जोराने उतरला पाहिजे. अंगाचा भार टाकावा लागला तर तो फार घट्ट. मग हार्वेस्टर कंपनीच्या क्रश रिबसारखा, बाहेरून बारीक कडा असलेला सॅबो घ्या. नुसत्या बोटाने सरकला तर फार सैल, आणि हा प्रकार जास्त वाईट. वायू बाजूने निसटतो तो एक तोटा, पण नळी खाली धरून चालताना गोळी दारूपासून पुढे सरकू शकते. दारू आणि गोळी यांच्यात पोकळी राहिली तर नळी फुगते किंवा फुटते.

म्हणून गजावर खुणा हव्यातच: एक रिकाम्या नळीची, एक ठासलेल्या नळीची. भरण्यापूर्वी गज टाकून नळी रिकामी असल्याची खात्री करा. दारू मापाने घ्या, आणि माप आकारमानाचं आहे की वजनाचं, हे दोनदा पाहा. ब्लॅकहॉर्न 209 ही दारू आकारमानाने 100 ग्रेन (म्हणजे 100 ग्रेन काळी दारू जेवढी जागा घेते तेवढी) घेतली तर वजनाला सुमारे 70 ग्रेन भरते. वजनकाट्यावर 100 ग्रेन ओतणारा थेट धोक्यात जातो. 250 ग्रेनच्या गोळीला आकारमानाने 100 ग्रेनपर्यंतची दारू पुष्कळ होते. कमाल मर्यादा रायफलीच्या पुस्तिकेतलीच. आधुनिक काडतुसांची धूरविरहित दारू ठासणीच्या रायफलीत कधीही घालू नका. तिच्यासाठीच बनवलेली रायफल असेल तरच ती चालते. ठिणगी पाडणारी टोपी किंवा प्रायमर सगळ्यात शेवटी. चाप ओढून बार उडाला नाही, तर नळी निशाण्याकडेच रोखून किमान एक मिनिट थांबा.

दोन बारांच्या मध्ये नळीतून ओलसर फडका, मग कोरडा फडका फिरवा. ट्रिपल सेव्हन ही दारू वापरणाऱ्यांना दारूच्या जागेपाशी राखेचं कडक कडं लागतं. पुढचा सॅबो तिथेच अडतो आणि खूण वर राहते. ब्लॅकहॉर्नचा मळ पाण्याने निघत नाही, त्याला सॉल्व्हंटच लागतो. नळी तापली की प्लॅस्टिक मऊ पडतं, गोळ्या विखुरतात. हाताला कोमट लागेपर्यंत थांबण्याचा कंटाळा करू नका. कडाक्याच्या थंडीत उलट प्लॅस्टिक ताठरतं आणि ठासायला जोर लागतो.

सराव संपला की मैदान मोकळं झाल्याचा इशारा मिळाल्यावर पुढे जा आणि पडलेले सॅबो गोळा करा. यातून जेवढं कळतं तेवढं निशाण्याच्या कागदावरून कळत नाही. पाकळ्या सारख्या उघडलेल्या आणि आट्यांचे ठसे स्पष्ट असतील तर जोडी जमली. ठसे पुसट असतील तर बसणी सैल. एकच पाकळी तुटली असेल तर सॅबो सदोष, किंवा ठासताना तो तिरका गेला. तळ जळून फाटला असेल तर दारू कमी करा किंवा दारू आणि सॅबो यांच्या मध्ये वॉड (जाड चकती) घाला. वेगमापक नळीच्या अगदी तोंडाशी ठेवू नका, पाकळ्या त्यावर आदळतात. तोंडावर मझल ब्रेक (धक्का कमी करणारं) किंवा सप्रेसर (आवाज कमी करणारं साधन) लावलेल्या नळीतूनही सॅबो टाळा. उघडू लागलेली पाकळी आत अडकते.

परवान्याचं वर्ष बदललं की नियम पुन्हा वाचा. कोलोरॅडो आणि आयडाहो या राज्यांनी ठासणीच्या खास हंगामात सॅबोला मनाई ठेवली आहे. तिथे पूर्ण व्यासाची गोळीच लागते. भारतात ठासणीच्या बंदुकीलाही 1959 च्या शस्त्र अधिनियमाखाली परवाना लागतो आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वन्यप्राण्यांची शिकार बंद आहे, त्यामुळे हा छंद इथे आणण्याचा विचारही करू नका. सॅबोचं शास्त्र इथेच शिकायचं असेल, तर त्याची वाट अभियांत्रिकीतून जाते: अर्जुन रणगाड्याचा सॅबो असलेला तोफगोळा पुण्यात पाषाणच्या एआरडीई या संस्थेने विकसित केला. रणगाड्याची नळी आट्यांची, पण सॅबोतून सुटणारा बाण पंखांचा. बाणाने फार फिरू नये म्हणून सॅबोवर घसरता पट्टा बसवावा लागतो. रायफलीत आपण गोळी फिरावी म्हणून झटतो, तिथे ती फिरू नये म्हणून.