व्हिडिओ गेमच्या परीक्षणात गुण कसे ठरवावेत

गोव्याच्या कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेचा निकाल लागला की आमच्या फोंड्यात चहाच्या टेबलावर निकालाचेच परीक्षण सुरू होते. परीक्षकांनी गुण किती दिले, यापेक्षा ते कशाबद्दल दिले हे कळले नाही, अशी बहुतेकांची तक्रार असते. गेमला गुण देणाऱ्यावर तीच तक्रार येऊ नये, म्हणून मी पाळत असलेली पद्धत येथे मांडतो.

खेळायला बसण्यापूर्वी मोजपट्टी लिहून काढावी. १० पैकी ५ म्हणजे मध्यम, असे अंकगणित सांगते. पण गेमच्या वाचकाला ७ सुद्धा बेताचे वाटतात. निरनिराळ्या परीक्षणांच्या गुणांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिक या संकेतस्थळावर चित्रपटाला १०० पैकी ६१ गुणांपासून हिरवा रंग मिळतो, तर गेमला त्यासाठी ७५ लागतात, म्हणजे ६५ गुणांचा चित्रपट चांगला ठरतो आणि तितक्याच गुणांचा गेम संमिश्र. तेव्हा आपला ५ कोणता आणि ८ कोणता, हे प्रत्येकी एका वाक्यात वाचकाला आधीच सांगावे.

ग्राफिक्स, ध्वनी, कथा, नियंत्रण असे रकाने पाडून त्यांची सरासरी काढण्याचा मोह मात्र टाळावा. गेमस्पॉट हे गेम-परीक्षणांचे संकेतस्थळ २००७ पर्यंत अशाच घटकांना भार देऊन गुण काढत असे, नंतर त्यांनी ती रीत सोडली. कारण उघड आहे: उडी मारण्याचे बटण दाबल्यावर पात्र क्षणभर उशिरा उडत असेल, तर उड्यांवर बेतलेला अख्खा गेम त्यातच बुडतो, आणि सुंदर सूर्यास्ताचे ९ गुण त्याला वर काढू शकत नाहीत. जपानच्या फामित्सू साप्ताहिकाची रीत मला अधिक प्रामाणिक वाटते. तेथे चार परीक्षक स्वतंत्रपणे प्रत्येकी १० पैकी गुण देतात, त्यामुळे ४० पैकी बेरजेसोबत त्यांच्यातले मतभेदही वाचकाला दिसतात.

कोणत्या यंत्रावर, कोणती आवृत्ती, किती तास खेळलो आणि गेम पूर्ण केला की नाही, हे परीक्षणात आलेच पाहिजे. डिसेंबर २०२० मध्ये सायबरपंक २०७७ या गेमची सुरुवातीची परीक्षणे पीसी आवृत्तीवर बेतलेली होती. जुन्या कन्सोलवर, म्हणजे टीव्हीला जोडायच्या गेम-यंत्रावर, तो इतका अडखळत होता की सोनीने काही दिवसांतच तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला. पीसीवरचे गुण खोटे नव्हते, पण कन्सोल घेऊन बसलेल्या माणसाला त्यांचा उपयोग नव्हता.

माझीही एकदा फजिती झाली. जुलैतल्या एका संध्याकाळी वीज गेली, आणि परत आल्यावर पाहिले तर गेमने शेवटचे सेव्ह ४० मिनिटांपूर्वी केलेले. मी रागाच्या भरात एक गुण कापला. दुसऱ्या दिवशी विचार केला की वीज जाणे हा काही गेमचा दोष नव्हे. मात्र हवे तेव्हा सेव्ह करू न देणे हा निर्मात्यांचा निर्णय आहे, आणि पावसाळ्यातल्या गोव्यात तो वाचकाला महागात पडतो. मग गुण परत दिला आणि ती गोष्ट परिच्छेदात सविस्तर लिहिली. माझ्या मते, काही दोष गुणांत मावत नाहीत, ते मजकुरातच सांगावे लागतात.

आकडा नेहमी मजकुरानंतर ठरवावा. लिहून झाल्यावर मित्राला गुण झाकून परीक्षण वाचायला द्यावे आणि त्याचा अंदाज विचारावा. तो ६ म्हणाला आणि आपण ८ दिले असतील, तर आवडलेल्या गोष्टी कागदावर उतरलेल्या नाहीत, किंवा ८ हे भिडेपोटी दिलेले आहेत. ‘नियंत्रण चांगले नाही’ हे कारण नव्हे. ‘तलवार उगारल्यावर दिशा बदलता येत नाही, त्यामुळे दोन शत्रू एकदम आले की हरणे ठरलेलेच’ हे कारण झाले.

एका गुणाची किंमत कधी कधी पैशांत असते. फॉलआउट: न्यू वेगास (२०१०) च्या निर्मात्यांना मेटाक्रिटिकवर ८५ मिळाल्यास बोनस ठरला होता, आणि सरासरी ८४ वर थांबली. म्हणून कुणाची दया येऊन गुण वाढवावेत असे नाही, पण ७ की ८ असा संभ्रम असल्यास आणखी एक संध्याकाळ खेळून मगच ठरवावे.

पुढे अपडेटने गेम सुधारला, तर जुने गुण खोडू नयेत. खाली तारीख आणि आवृत्तीचा क्रमांक घालून नवी नोंद जोडावी.